तो आता पीत नाही

भरे, ता. मुळशी
सोमवार, दुपार

प्रिय शुभांगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पण फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल केराच्या डब्यात घाल. फोन केला असता, पण माझा फोन इंद्रजित उघडतो. कुलपाचा आकडा कितीदा बदलला तरी त्याला तो कळतो, आणि कळला की मला दाखवून हसतो. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या लबाड्या पकडण्यात गेला माझा, पण घरातल्या या एका पोरापुढं माझी मास्तरकी चालत नाही. म्हणून पत्र. हल्ली कुणी पत्र लिहितं हेच त्याच्या डोक्यात येणार नाही, आणि पौडला जाऊन मला ते स्वतःच्या हातानं टाकता येईल.

आधी घरचं सांगते, नाहीतर म्हणशील म्हातारी नुसतं रडगाणं घेऊन बसली. भात झोडून झालं. इंद्रायणी यंदा बरी आली, तुझ्यासाठी थोडा तांदूळ बाजूला काढून ठेवलाय, सूसला कसा पोचवायचा ते बघू. मागच्या खोल्यांत आता ओडिशाची पोरं राहतात, घोटावड्याच्या कंपनीत पाळ्या करतात. गुणी आहेत, फक्त नळ बंदही करायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. रोज ओरडते, रोज ती हसून मान हलवतात. तू लावलेला कढीपत्ता पत्र्याला टेकलाय आणि सगळी आळी फोडणीला तोडून नेते. हे गेले तेव्हा तू आली होतीस. आत आली नाहीस, दारातून हात जोडून गेलीस. मी पाहिलं होतं. तेव्हा बोलायची ताकद नव्हती, म्हणून आज लिहिते.

आणि मोठी बातमी अशी, की इंद्रजित आता पीत नाही. खरंच पीत नाही. दारू नाही, ती पांढरी पूड नाही, गोळ्या नाहीत, साधी तंबाखूसुद्धा नाही. शेवटच्या वेळी व्यसनमुक्ती केंद्रातून आला तो कोरडा आला आणि कोरडाच आहे. जो तो मला पेढे मागतो. किराणा दुकानात, दळणाला गेले तर गिरणीत, बाया माझा हात हातात घेऊन म्हणतात, 'साधनाबाई, फळलं बगा तुमचं.' मला त्या दळणाच्या डब्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. कारण बातमीचा दुसरा भाग असा, की त्याचं लग्न ठरतंय. घोटावड्याची मुलगी आहे, गौतमी नाव, औषधांच्या दुकानात काम करते, चांगली हुशार, पाणीदार डोळ्यांची. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची म्हणतात. ती फुटू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करतेय, आणि सगळं गाव मला विचारतंय की बाई, तुमच्या पोटात दुखतंय तरी काय?

सुरुवात झाली ती बेलभंडाऱ्यापासून. तुझे चुलतसासरे हैबतराव तुला ठाऊकच आहेत, कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडं एकच औषध, देवापुढं उभं करा. केंद्रातून इंद्रजित आणि हैबतरावांचा शंभू एकाच सुमाराला घरी आले. लगेच दोघांना देवळात नेलं, चार भावकीतले बोलावले, आणि हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ वाहा म्हणाले, पुन्हा शिवणार नाही. इंद्रजितनं प्रसाद घ्यावा तसा हात पुढं केला. खणखणीत आवाजात शपथ घेतली, आणि वर पुजाऱ्याच्या पोराला फोटो काढायला सांगितला. शंभूचा हात मात्र वर येईना. म्हणाला, 'न्हाई उचलणार. माज्याच्यानं मोडली तर? लेकराच्या डोक्यावर कशाला घालू?' हैबतरावांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली मारली. सगळ्यांनी ठरवून टाकलं की ज्यानं उचलला तो सुधारला, ज्यानं नाही उचलला त्याच्या मनात खोट आहे. अगं, ज्याला मोडायची भीती वाटते त्याच्याच मनात देव आहे ना? हे सांगायला तोंड उघडलं तर म्हणे बायकांनी देवळात बोलू नये.

बरं, इंद्रजितनं शपथ मोडली असती तर माझं काम सोपं होतं. मेल्यानं पाळली. सोडणं त्याला जडच गेलं नाही. शंभू पहिले काही महिने रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचा, हा गाढ झोपायचा. सोडली, आणि लगेच नवा खेळ शोधला. आता तो व्यसनमुक्तीवर भाषणं देतो. गणपतीत चार मंडळांनी बोलावलं, शाळांतून बोलावतात, हार घालतात. बोलतो मात्र सुंदर, ते मी नाकारत नाही. घरी आरशापुढं उभा राहून सराव करतो. कुठं थांबायचं, कुठं आवाज दाटून आणायचा, चष्मा कधी काढायचा. चष्म्याचा नंबर शून्य आहे, मी दुकानदाराला विचारलं. घोटावड्याच्या मंडळातलं भाषण ऐकून गौतमीच्या वडलांच्या, शैलेशरावांच्या, डोळ्यांना धार लागली, आणि त्यांनी आपण होऊन स्थळ आणलं. त्यांचं म्हणणं असं, की न प्यालेल्यापेक्षा पिऊन सोडलेला जावई बरा, त्याला संसाराची किंमत कळलेली असते. भल्या माणसाची भली चूक. मी कपाळावर हात मारून घेतला.

केंद्रातल्या समीना मॅडम तुला आठवतात ना, समुपदेशक, तुझ्याशीही दोनदा बोलल्या होत्या? मी न राहवून त्यांच्याकडं गेले. म्हटलं, सगळे म्हणतात मुलगा बरा झाला, मग मला त्याची भीती का वाटते? त्या म्हणाल्या, आई, इथं येणारे बहुतेक जण प्यायल्यावर वाईट वागतात आणि उतरली की तोंड लपवतात, आणि ती लाजच त्यांना बरं करायला आमच्या उपयोगी पडते. थोडे असे असतात की त्यांच्यात मुळात लाजच कमी, भीती कमी, दुसऱ्याचं दुखलेलं मनाला लागत नाही, आणि कंटाळा फार लवकर येतो. परिणामाची धास्ती नाही आणि सतत काहीतरी नवं हवं, म्हणून अशी माणसं व्यसनाकडं लवकर वळतात. व्यसन सोडवता येतं, पण त्याच्या खालचा स्वभाव तिथंच असतो. डॉक्टरांनी फायलीत सायकोपॅथिक की काय लिहिलं होतं. मी म्हटलं, म्हणजे सिनेमात सुरा घेऊन हिंडतो तो? त्या म्हणाल्या, नाही हो, बहुतेकांच्या हातात सुरा नसतो, बोलणं उलट गोड असतं, आणि कमी-जास्त प्रमाण असतं, कुणाच्या कपाळावर शिक्का मारायचा नसतो. पण घरच्यांनी दारूवर सगळं ढकलून स्वतःला फसवू नये.

घरी येताना एसटीत बसून मी मागं मागं जात राहिले. चौथीला तो माझ्याच वर्गात होता. एकदा त्यानं कुणाचा तरी डबा खिडकीतून फेकला आणि नाव शेजारच्या पोराचं सांगितलं. मी त्या पोराला छड्या दिल्या. बाकीची पोरं माझ्या छडीकडं बघत होती. इंद्रजित त्या पोराच्या तोंडाकडं बघत होता, अगदी लक्ष देऊन, गणित मांडलेलं बघावं तसं. तेव्हा कुठं होती दारू?

आता शंभूचं सांगते, म्हणजे तुला कळेल मी कशानं पेटलेय. शपथ न घेतासुद्धा शंभू टिकून होता. टेम्पो चालवायचा, संध्याकाळी पोराला सायकल शिकवायचा. गेल्या महिन्यात भरदुपारी इंद्रजितनं त्याला आमच्या पडवीत बोलावलं, समोर क्वार्टर ठेवली, ग्लास ठेवला, शेंगदाणे ठेवले, आणि स्वतः समोर पाय पसरून बसला. स्वतः थेंब घेतला नाही. नुसता बसून राहिला, मधूनच एखादा शेंगदाणा तोंडात टाकत. मी स्वयंपाकघरातून पाहिलं तेव्हा शंभू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पिठाच्या हातानं धावले गं मी. पण मी उंबरा ओलांडेपर्यंत त्यानं बाटलीच तोंडाला लावली होती. मी इंद्रजितला विचारलं, का केलंस? तो म्हणाला, 'कंटाळा आला होता आई. बघत होतो किती वेळ धरतो.' असं, साधं. पाऊस थांबला का विचारावं इतक्या साध्या आवाजात.

पुढचं ऐक आणि सांग मला, रडायचं की हसायचं. शंभू पुन्हा केंद्रात गेला. जाताना इंद्रजितच्या पाया पडला, म्हणाला, तुझ्या नावाला मी बट्टा लावला. हैबतराव मला म्हणतात, 'साधनाबाई, तुमचं पोरगं बगा आन् आमचं बगा. एका रक्ताची हायेत पर काय फरक!' मी सांगितलं त्यांना पडवीतलं सगळं, शब्द न् शब्द. तर म्हणाले, 'तेनं परीक्षा घेतली आसंल. आमचंच कच्चं निगालं.' आणि इंद्रजितनं त्याचंही भाषण केलं. भाऊ माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पडला, म्हणाला, आणि चष्मा काढला.

शुभांगी, आता हे तुला सांगायलाच हवं. त्याच्या भाषणात तू आहेस. नाव घेत नाही, 'माझी पत्नी' म्हणतो. ताम्हिणीच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ तो स्टेजवर सांगतो. पावसात तुला गाडीतून उतरवलं, पाचव्या महिन्यात, आणि गाडी घेऊन निघून आला. त्या आठवड्यात पुढं जे झालं तेही सांगतो, 'माझ्या दारूनं माझं बाळ नेलं' म्हणतो, आणि बाया पदर डोळ्यांना लावतात. मी एकदा मागच्या रांगेत बसून ऐकलं. घरी आल्यावर त्याच्यापुढं हात जोडले, म्हटलं, बाबा, काय हवं ते बोल, पण तिचं ते दुःख बाजारात मांडू नकोस. तो जेवत होता. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, मग म्हणाला, 'अगं, त्या दिवशी मी प्यालोच नव्हतो. गाडीमागं किती लांब पळते ते बघायचं होतं. पण तसं सांगितलं तर टाळ्या कोण वाजवणार?'

तू तेव्हाच म्हणाली होतीस, त्याच्या तोंडाला वास नव्हता. घसा फोडून सांगत होतीस, आणि आम्ही सगळे दारूच्या भरात, दारूच्या भरात, हेच घोकत होतो. कारण दारू म्हटलं की बरं पडतं गं. दारूला शिव्या देता येतात, तिच्यासाठी केंद्रात घालता येतं, ती देवापुढं सोडवता येते. पोटचं पोर शुद्धीत असताना असं करतं, हे कुठल्या देवाला सांगायचं? त्या रात्री मी त्याचं ताट उचललं आणि मोरीत उभी राहून ओकले. खरं तेच लिहिते.

मग मी घोटावड्याला गेले. मनाशी म्हटलं, आई स्वतः येऊन सांगते आहे, यापेक्षा मोठी साक्ष कुठली? त्यांनी पाट मांडला, चहा दिला, चिवडा दिला. मी सगळं सांगितलं. शंभूचं, ताम्हिणीचं, केंद्रातल्या फायलीचं. नवरा-बायको एकमेकांकडं बघत होते आणि वाट चुकून अंगणात आलेल्या म्हातारीकडं बघावं तसं माझ्याकडं बघत होते. शेवटी शैलेशराव हळूच म्हणाले, वहिनी, इंद्रजितराव परवाच येऊन गेले. म्हणाले होते आई येईल, माझ्याबद्दल वाईट बोलेल, तिला दुखवू नका. बाबा गेल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नाही, आणि ते माझ्याच व्यसनामुळं झालंय, तिचा काही दोष नाही. सगळा दोष पोरानं स्वतःवर घेतला बघ! माझ्याआधी पोचून, माझ्या तोंडचा शब्द न् शब्द वेडीचा ठरवून, वर माझी काळजी घ्यायला त्यांना सांगून आला. मी जितकी ओरडले तितकी त्यांना खात्री पटत गेली. बाहेर आले तर फाट्यावर गाडी लावून इंद्रजित उभा. 'बस मागं, सोडतो. गुडघे दुखत असतील.' आणि मी बसले, कारण एसटी निघून गेली होती आणि गुडघे खरंच दुखत होते. याचा मला स्वतःचाच इतका संताप आलाय की काय सांगू.

तुला वाटेल, हे सगळं मला ऐकवून काय उपयोग, मी त्या घरातून सुटले. सुटलीस, आणि सुटलीस म्हणून मी रोज देवापुढं दिवा लावते. तुझ्या वाटेला मी पुन्हा आले नसते. पण त्या दिवशी मी निघताना गौतमी मला फाटकापर्यंत पोचवायला आली. आईबापांपुढं एक शब्द बोलली नव्हती. तिथं चपलेचा बंद लावायच्या निमित्तानं वाकली आणि खालच्या आवाजात विचारलं, 'शुभांगीताई कुठं असतात हो आता?' म्हणजे त्या घरात एकीच्या तरी मनात पाल चुकचुकली आहे. मी म्हटलं, विचारून सांगते. तेच विचारतेय. येत्या रविवारी ती तुझ्याकडं आली तर तिला दार उघडशील? नको असेल तर उलट टपाली एक ओळ टाक, नाहीतर तुझा पत्ता मी तिला दुकानात जाऊन देते. फारकतीच्या बैठकीत हैबतरावांनी चार माणसांदेखत तुझ्याकडून शब्द घेतला होता, की कुणी विचारलं तर 'पटलं नाही' एवढंच सांगायचं, दोन्ही घरांची अब्रू राहील. तू तो आजवर पाळलास, हे मला चार ठिकाणांहून कळलंय. त्या घरातली मीही एक आहे, आणि मी सांगते, तो शब्द मोड. हैबतराव आरडाओरडा करतील, करू देत, मी आहे. इंद्रजित माझा मुलगा आहे, भूक लागली की माझ्याकडंच येईल, आणि मी त्याला भाकरी थापून घालीन, मरेपर्यंत घालीन, त्याला माझा इलाज नाही. पण दुसऱ्याची पोर मी त्याच्या ताटात वाढणार नाही. गौतमी आली की तिला आधी चहा दे, घाबरलेली असेल. दारूचं काही सांगत बसू नकोस, ते तिला पाठ आहे. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडाला वास नव्हता, तेवढं सांग. आणि तिनं माझ्याबद्दल विचारलंच, तर सांग की त्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे. तुझ्याखेरीज हे कुणी सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही.

कागदावर नातं उरलं नसलं तरी तुझीच,
साधना